ठाकूरद्वारच्या नाक्यावर आबा पडले

गिरगाव, मुंबई
५ फेब्रुवारी १९५६

अच्युत,

वर 'चिरंजीव' लिहून खोडलं आहे. सहा वर्षांत तू मला ताई म्हणून दोन ओळी लिहिल्या नाहीस, मग आशीर्वाद तरी कुणाला देऊ? म्हणून नुसतं नाव.

पत्ता फिलूच्या आईनं, सिसिलमावशींनी दिला. खोताच्या वाडीत मी त्यांच्याकडे अधूनमधून जाते. आबांना हे ठाऊक नाही. तू नैरोबीत रेल्वेच्या कचेरीत आहेस, फिलूची प्रकृती बरी असते, मुलगी चार वर्षांची झाली, हे सगळं त्यांच्याकडूनच कळलं. मुलीचं नाव तुम्ही यशोदा ठेवलंत. आईचं नाव असं मावशींच्या तोंडून ऐकलं. त्यांनी पुढ्यात ठेवलेला चहा तसाच निवून गेला.

मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, केंद्राकडे राहणार, असं गेल्या महिन्यात जाहीर झालं आणि शहर पेटलं. हे तिकडच्या वर्तमानपत्रांत आलं असेल. आपल्या भागात काय झालं ते त्यांत आलं नसेल. आबांच्या व्यायामशाळेतली मुलं रस्त्यावर उतरली होती. त्यांना घरी वळवायला आबा ठाकूरद्वारच्या नाक्यावर गेले आणि दोन्ही हात पसरून रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. पुढे कुठेतरी गोळीबार झाला. आबा जागच्या जागी कोसळले.

मुलांना वाटलं, मास्तरांना लागली. सदरा फाडून त्यांनी जखम शोधली, पालथं करून पाठीवर शोधली. रक्ताचा थेंब नव्हता. अंग गार, घामानं भिजलेलं, ओठ पांढरे. एका दुकानाच्या फळीवर घालून त्यांना घरी आणलं. साखर घातलेला चहा चमच्या-चमच्यानं पाजला तेव्हा डोळे उघडले.

गोळीबारात आपल्या आळीतली माणसं गेली, त्यामुळे आधी कुणाला आबांविषयी बोलायला सवड नव्हती. मग बोलणं सुरू झालं. 'मास्तरांना गोळीचा आवाज लागला,' असं कुणीतरी म्हणालं आणि ते वाक्य फिरत राहिलं. व्यायामशाळेत सकाळी येणारी मुलं निम्मीसुद्धा राहिली नाहीत. आबा रोज वेळेवर जातात, मल्लखांबाला तेल लावतात, बाकावर बसतात, परत येतात.

आता ते बरे आहेत. तू काळजी करू नकोस. उत्तर लिहिलंच पाहिजे असंही नाही.

सुमती


२६ फेब्रुवारी १९५६

अच्युत,

मागच्या पत्रात आबा बरे आहेत असं लिहिलं होतं. ते खरं नव्हतं. तेव्हा मला नुसता संशय होता, आणि नुसता संशय सहा हजार मैलांवर कळवून काय करायचं, असं वाटलं. मैल किती आहेत ते मी मोजलेले नाहीत. फार आहेत.

संशयाला सुरुवात झाली ती मावशींच्या घरी. त्या म्हणाल्या, "तुझा बाप आला होता गो. दारातच उभा. आत ये म्हटलं तर मान हलवली. मिठातले आंबे आहेत का विचारलं."

मला खरंच वाटेना. आबा, त्या दारात?

"मी बरणी दिली," मावशी म्हणाल्या. "आंबे राहिले बाजूला. खाराचं पाणी बरणी तोंडाला लावून प्यायला. मग माझ्याकडे बघितलं, आणि डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. मी काही बोलली नाही. माणूस भुकेला असला की बोलायचं नाही."

घरी आले आणि आबांचे हात पाहिले. सभांना उन्हातान्हात बसून काळे पडलेत असं आम्ही सगळे म्हणत होतो. पण उन्हानं तळहाताच्या रेषा काळ्या पडत नाहीत. "तोंड उघडा," म्हटलं. हिरड्यांवर शाईचे डाग पडावेत तसे डाग होते.

मी काय काम करते हे तुला नीट सांगायचं राहूनच गेलं. तू गेलास तेव्हा मी परळच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत नुकतीच लागले होते. आम्ही माणसांना दमेपर्यंत एका स्टुलावर चढायला-उतरायला लावतो. त्यांचा उच्छ्वास रबरी पिशवीत धरतो, आधीचं आणि नंतरचं रक्त तपासतो. श्रम पडले की शरीर आतून काय खर्चतं आणि त्या खर्चाचा हुकूम कोण देतं, हे शोधायचं. दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर एकेक लहानशी ग्रंथी बसलेली असते. धावणं, उपास, ताप, भीती, काहीही आलं की ती आपला रस रक्तात सोडते. मग साठवलेली साखर बाहेर निघते, रक्ताचा दाब टिकतो, आणि माणूस उभा राहू शकतो.

व्यायामशाळेतली मुलं मला आबांनीच मिळवून दिली होती. स्वतःही दोनदा स्टुलावर चढून गेले होते. तालीम केलेल्या मुलांची ग्रंथी तेवढ्याच श्रमाला कमी धावपळ करते, असं माझ्या कामातून निघालं तेव्हा ते म्हणाले होते, "हे मी तीस वर्षं सांगतोय. फक्त माझ्याकडे पिशवी नव्हती."

गेल्या मंगळवारी त्यांना परळला नेलं. या ग्रंथीला जागं करणारं एक इंजेक्शन असतं. ते दिलं की रक्तातल्या ठरावीक पेशी, गुलाबी रंग धरणाऱ्या, चार तासांत निम्म्याहून कमी होतात. आबा तेवढा वेळ बाकावर बसून माझ्या मैत्रिणीशी, मीनाक्षीशी, गप्पा मारत होते. ती रुग्णालयात डॉक्टर आहे. मग मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. पेशी होत्या तेवढ्याच होत्या. मीनाक्षीला पाहायला सांगितलं. तिनं पाहिलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

पोटाच्या क्ष-किरण चित्रात मूत्रपिंडांच्या वर खडूचे कण उडाल्यासारखे ठिपके आहेत. तरुणपणी आबांना प्लुरसी झाली होती, छातीत पाणी झालं होतं, आठवतं? आई सांगायची. ती क्षयाची होती, आणि तो क्षय तेव्हा गेला नव्हता. आत कुठेतरी बसून राहिला आणि इतक्या वर्षांत त्यानं दोन्ही ग्रंथी खाल्ल्या. त्या गेल्या की अंगातलं मीठ टिकत नाही आणि कातडी काळवंडते.

ट्रामनं परत येताना मी त्यांना सगळं सांगितलं. ते खिडकीबाहेर पाहत ऐकत होते. भायखळ्याच्या पुढे आल्यावर म्हणाले, "म्हणजे त्या दिवशी मी घाबरलो नव्हतो?"

हो म्हणणं किती सोपं होतं, अच्युत. पण त्यांनी मला खोटं बोलायला शिकवलेलं नाही.

"घाबरला होता, आबा," मी म्हणाले. "सगळेच घाबरले होते. घाबरलेल्या माणसाला जे उभं ठेवतं, ते तुमच्या अंगात राहिलेलं नव्हतं."

ठाकूरद्वार आलं तसे ते उठले. उतरताना माझा हात धरला. आजवर त्यांनी ट्राममधून उतरताना कुणाचा हात धरलेला मी पाहिला नव्हता.

सुमती


११ मार्च १९५६

अच्युत,

आज मागण्यासाठी लिहिते आहे, आणि ते आधीच सांगून टाकते.

ती ग्रंथी करते ते काम करणाऱ्या गोळ्या निघाल्या आहेत. कॉर्टिझोन. काही वर्षांपूर्वी हा आजार झाला की माणूस जात असे. आता तसं नाही, पण गोळ्या मिळाल्या तर. परदेशातून थोड्या येतात, रुग्णालयाच्या वाट्याला त्याहून थोड्या. मीनाक्षीनं खटपट करून एप्रिलच्या मध्यापर्यंत पुरतील एवढ्या मिळवल्या आहेत. तिकडे इंग्रजांच्या रुग्णालयांत त्या मिळत असतील. औषधाचं नाव, ताकद आणि मीनाक्षीची चिठ्ठी सोबत जोडली आहे.

मी तुला लिहिते हे आबांना सांगितलेलं नाही. त्यांनी तुझं नाव काढलेलं नाही, हेही तुझ्यापासून लपवत नाही. तुझ्या मनात त्यांच्याविषयी काय आहे ते मला माहीत नाही. त्यांनी फिलूच्या घरच्यांसमोर तुला 'माझा मुलगा नव्हे' म्हटलं तेव्हा मी तिथेच होते. तरी मागते आहे.

अजून एक गोष्ट आहे. सत्याग्रहाच्या तुकड्या निघतात, बंदी मोडतात, तुरुंगात जातात. आबांनी आपलं नाव दिलं आहे.

मी ओरडले. घरात मी कधी आवाज चढवत नाही, तुला माहीत आहे. "तुरुंगात नुसता ताप आला तरी तुम्ही जाल," म्हटलं. "तुमचं शरीर आता स्वतःला सांभाळू शकत नाही."

आबा जेवत होते. भातावर आणखी मीठ घेतलं. "मी गेलो नाही तर व्यायामशाळा बंद कर," ते म्हणाले. "मुलांना काय शिकवू? दंड कसे फुगवायचे ते?"

"लोकांना कारण सांगू या. आजाराचं नाव सांगू."

"सांग ना. नाक्यावर फळा लाव." भात कालवत म्हणाले, "लोकांचं जाऊ दे, सुमे. मला एकदा पाहायचं आहे, उभं राहता येतं का."

त्यांना अडवायला माझ्याकडे काही नाही. गोळ्या असतील तर निदान बरोबर देता येतील.

सुमती


१५ एप्रिल १९५६

अच्युत,

गोळ्या मिळाल्या. नैरोबीहून विमानानं आलेल्या गृहस्थांनी घरी आणून दिल्या. पुडक्यात चिठ्ठी सापडेल म्हणून मी कापूससुद्धा उलगडून पाहिला. चिठ्ठी नव्हती. बाटल्यांवर नावं लिहिलेलं अक्षर फिलूचं असावं. तिला सांग, एकही बाटली फुटली नाही.

मीनाक्षीच्या गोळ्या सुरू झाल्यापासून आबांमध्ये जो फरक पडला तो लिहून पटायचा नाही. मी पुस्तकांतून इतकं वाचलेलं, तरी मलाच पटेना. सकाळी उठवून बसवावं लागणारा माणूस स्वतः उठून चहा टाकू लागला. दाढी करताना गुणगुणतात. जोर-बैठकांना मीनाक्षीनं कायमची बंदी केली आहे, तेवढं मात्र त्यांना सोसत नाही. लंगोट धुऊन वाळत घालतात, घडी करून ठेवतात, पुन्हा धुतात.

तू पाठवलेल्या गोळ्याही रुग्णालयातूनच आल्या असं मी त्यांना सांगितलं होतं. ते दोन दिवस टिकलं. मावशींनी बोलता बोलता सांगून टाकलं. आबा हल्ली त्यांच्या ओट्यावर जाऊन बसतात. उंबऱ्याच्या आत अजून गेलेले नाहीत.

घरी आले ते सरळ माझ्यासमोर उभे राहिले. हातात बाटली.

"हे त्यानं पाठवलं?"

"हो."

"मी पडलो हे कळवलंस त्याला?"

"कळवलं."

"कशानं पडलो, तेही?"

"तेही. सगळं."

ते खुर्चीत बसले. बाटली मांडीवर धरून बसून राहिले, आणि मला वाटलं, आता ती परत करायला सांगणार. आपल्या घरात अशी परत गेलेली पुडकी तू पाहिली आहेस. मी मनाशी वाक्यं जुळवू लागले.

"पाणी दे," आबा म्हणाले. "सकाळची घ्यायची राहिली आहे."

पुढच्या रविवारी त्यांची तुकडी निघेल. त्यांच्याबरोबर शिवा आहे. लालबागचा, गिरणीत असतो, कुस्ती खेळतो. तुझ्याबरोबर मल्लखांबावर होता तोच. मी रोज संध्याकाळी त्या दोघांना समोर बसवून शिकवते. निरोगी माणसाला ताप आला, मार बसला, धसका बसला, की त्याची ग्रंथी आपण होऊन जास्त रस सोडते. आबांची सोडणार नाही. म्हणून त्या दिवशी गोळ्या दुप्पट, ताप चढला तर तिप्पट, आणि एकही दिवस चुकवायचा नाही. शिवानं ते पाठच केलं आहे.

"म्हणजे मास्तरांची भीती आता आपण हातानं मोजून द्यायची," तो म्हणाला.

"भीती नव्हे रे," आबा म्हणाले. "भीती माझी मलाच येते. तिच्यापुढे उभं राहायचं, त्याची गोळी."

सुमती


१७ जून १९५६

अच्युत,

मध्यंतरी लिहिलं नाही. लिहायला बसले की हात थांबायचा.

आबांना अटक झाली. मुंबईबाहेरच्या एका तुरुंगात नेलं. भेटीची परवानगी मिळाली नाही. मी प्रयोगशाळेत जात होते, लोकांना स्टुलावर चढवत होते, त्यांच्या नाड्या पाहत होते. धापा टाकणारा माणूस बसला की हळूहळू त्याचा श्वास खाली येतो, रंग परत येतो, आणि तो पाणी मागतो. इतकी वर्षं मला ते रोजचं वाटायचं. आता एखादा असा बसला की मी नोंद करायची विसरते.

मे संपता संपता प्रयोगशाळेत ट्रंक कॉल आला. तुरुंगातले डॉक्टर बोलत होते. बराकीत तापाची साथ आली होती. आबांना ताप चढला होता आणि ते तिप्पट गोळ्या मागत होते. नियमाप्रमाणे गोळ्या डॉक्टरांच्या ताब्यात होत्या आणि बाटलीवर रोजचंच प्रमाण लिहिलेलं होतं.

"असलं जोरकस औषध तिप्पट देऊ कसं?" ते म्हणाले. "हा कैदी म्हणतो, परळला माझ्या मुलीला विचारा. तुम्ही डॉक्टर आहात?"

"संशोधन करते. रोग्यांवर उपचार करणारी नव्हे."

"मग?"

त्यांची चूक नव्हती. त्यांच्या जागी मीही हेच विचारलं असतं. मला आजवर लिहिलेले सगळे निबंध आठवले, आणि त्यातलं एकही वाक्य त्या फोनवर उपयोगी नव्हतं.

"माझं ऐकू नका," मी म्हणाले. "त्यांचा रक्ताचा दाब घ्या. आडवं असताना एकदा, बसवून एकदा. मी फोन धरून ठेवते."

"बाई, ट्रंक कॉल आहे हा."

"मग घेऊन पुन्हा लावा. पण आत्ता घ्या."

पुन्हा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता. "बसवल्यावर दाब मिळतच नाही," ते म्हणाले. "तिप्पट म्हणालात ना? देतो. आणि सलाइन लावतो." फोन ठेवण्याआधी म्हणाले, "तुम्ही काळजी करू नका, असं म्हणत नाही. उद्या कळवतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच कळवलं. ताप होता, पण आबांनी पेज मागितली होती. त्या डॉक्टरांचं नावही मी विचारलं नाही.

काल शिवा सुटून आला. थेट आपल्याकडे आला, पायातली धूळसुद्धा झटकली नव्हती. आबा महिनाभरात सुटतील म्हणाला. त्यानं सांगितलेलं तुला कळायला हवं, म्हणूनच आज हे पत्र.

आमच्या नाक्यावरचेच काही लोक त्यांच्या बराकीत होते. आवाज लागल्याचं ते वाक्य त्यांच्याबरोबर तिथेही पोचलं होतं. एका संध्याकाळी कुणीतरी ते आबांना ऐकू जाईल असं म्हणालं. शिवा उठला होता. "मी त्याका धरतलंय म्हणान उठलंय," असं म्हणाला. त्याला राग आला की मालवणी येते. आबांनी त्याला खाली बसवलं आणि स्वतः उठले.

"मास्तर सगळ्यांसमोर बोलले," शिवा म्हणाला. "म्हणाले, त्या दिवशी मी घाबरलो होतो. परवा पोलिसांनी उचललं तेव्हाही घाबरलो होतो. फरक एवढाच, की आता मी गोळी घेऊन घाबरतो."

"मग?"

"मग काय. हसले सगळे. मास्तर पण हसले. मग कोपऱ्यातला एक म्हातारा म्हणाला, त्या दिवशी मी दुकानाच्या फळीखाली लपलो होतो. मग आणखी एक बोलला. जेवणाची घंटा झाली तरी बोलतच होते."

शिवाला जेवायला वाढलं. मी समोर बसले होते. तो खाली मान घालून जेवला, आणि हात धुताना म्हणाला, "ताई, मास्तर कधी कधी अच्युतची गोष्ट सांगतात आत. मल्लखांबाची. नाव घेऊन सांगतात."

सुमती


२ ऑगस्ट १९५६

अच्युत,

अक्षर वाकडं आलं तर आजारानं आलं असं समजू नकोस. लिहायची सवय गेली आहे. सुमती समोर बसली आहे पण काय लिहितो ते तिला दाखवणार नाही.

मी सुटून आलो. प्रकृती चांगली आहे. वजन थोडं वाढलं. व्यायामशाळा शिवाच्या हाती दिली. मी बाकावर बसून मुलांच्या चुका सांगतो. चूक दिसते आणि उठून करून दाखवता येत नाही, हे अजून जमत नाही. पहिला आठवडा फार वाईट गेला. आता मुलं विचारायला बाकापाशी येतात.

राज्याचं काय व्हायचं ते होईल. लोक दमलेले नाहीत.

तुझ्या लग्नाच्या वेळी मी जे बोललो त्याबद्दल पत्रात लिहीत नाही. ते समोरासमोर बोलायचं आहे. तुला भांडायचं असेल तर भांड. आता भांडण झेपतं. सिसिलबाई परवा आपल्याकडे जेवून गेल्या. मुलीचा फोटो दाखवला. कपाळ तुझ्या आईचं, यशोदेचं आहे. पाय मात्र तुझे दिसतात, लांब. तिला उंचावर चढायची भीती वाटते असं त्या सांगत होत्या. ओरडू नकोस. भीती वाटू दे.

गोळ्या दिवाळीपर्यंत पुरतील. पुढच्या खेपेस कुणाच्या हाती पाठवू नकोस. तुम्ही तिघं घेऊन या. बोटीनं आलात तर बरं, मी धक्क्यावर येईन. सुमतीला विचारलं, ती म्हणाली जा, पण त्या दिवशी सकाळी दोन गोळ्या घ्याव्या लागतील.

घेईन.

आबा